पडद्याला कात्री

आमच्या नाटक मंडळीचा पडदा माझ्या बायकोनं शिवलेला. मरून रंगाचं साटीन, खालच्या दुमडीत चिंचोके भरलेले, म्हणजे कापड सरळ पडावं. ओढला की खळखळ वाजायचा. लोक म्हणायचे, नाटक बेताचं, पडदा झकास. ओढायचं काम माझं. ती गेली त्याच वर्षी कारखान्यानं मला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी. बरकतपुऱ्यात घरी बसवेना, म्हणून तालमीला जाऊन बसायचो.

तेव्हा घरोघर केबल आली आणि नाटकाला माणूस मिळेना. मग मंडळीनं पुण्याहून शिबिर करून आलेल्या एका बँकेतल्या पोराला दिग्दर्शक केलं. लहानपणापासून आमच्याकडं येणारा. मी त्याला मास्तर म्हणायचो. नाटक विकल्या गेलेल्या कारखान्याचं.

पहिल्याच तालमीला तो म्हणाला, "काका, प्रेक्षकांना रडवायचं नाही. विचार करायला लावायचं. पुढं काय होणार ते आधीच पाटीवर दाखवायचं. दिवे दिसले पाहिजेत. पडदा अर्धाच हवा, मागची धावपळ दिसली पाहिजे."

"अर्धा म्हणजे?"

"मधून आडवा कापू."

"आधी माझं धोतर काप. लोकांना सगळंच दिसेल."

पोरं खिदळली. मास्तर नाही हसला. कात्री घेऊनच आला होता.

"काका, वस्तूत एवढा जीव अडकवू नये."

"काकूच्या हातचे पोहे चापताना नाही सुचलं हे?"

शेवटी मी पडदा तारेवर डबल टाकला. न कापता अर्धा झाला. मास्तर म्हणाला, "चालेल. पण लपायचं नाही, लोकांसमोर उभं राहून ओढायचा. आणि अडला, तर मी कापणार."

नारायणगुड्यात पहिला प्रयोग. नोकरी गेलेल्या माणसाची बायको रडायला लागली. लगेच पाटी आली: "हिच्याकडे पाहू नका. कारखाना कुणी विकला ते विचारा." पुढच्या रांगेतल्या बायकांनी पाटी वाचली आणि पदर डोळ्यांना लावला. मी पडदा ओढला. डबल कापड, जड. अर्ध्यात अडला.

आमच्या शेजारणीनं तिथूनच विचारलं, "अहो भावजी, डबल का घातलाय? वहिनींनी शिवलेला ना तो?"

मी उजेडात उभा. खोटं काय बोलणार?

"हौ, तिनंच. हा मास्तर कापायला बसलाय. आता अडला, म्हणजे उद्या कापणार. तुम्हीच सांगा, कापू द्यायचा का?"

"नक्को!" अख्खा हॉल ओरडला.

मागून एकजण म्हणाला, "आधी कारखाना कुणी विकला ते सांगा, मग पडद्याचं बघू!" त्यावर दुसरा उठला. दोघांची जुंपली. नटनट्या ऐकत उभ्या.

मला वाटलं मास्तर चिडणार. तो नाचतच आला. "काका, हेच! लोक विचार करायला लागले. उद्याही अडकवा!"

"अडकवतो. कात्री इकडं दे."

दिली. ती मी घरी नेली.

दुसऱ्या प्रयोगाला मुद्दाम अडकवला आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, "कापू द्यायचा का?" काल आपोआप आलेलं आज पाठ केलेलं. तरी "तिनं शिवलाय" म्हणताना हात चिंचोक्यांच्या दुमडीवर गेला. ती गेल्यापासून डोळ्याला पाणी आलं नव्हतं. ते तिथं आलं, दिव्यांच्या उजेडात, सगळ्यांसमोर.

प्रयोगानंतर मास्तर पडदा उतरवायला माझ्याबरोबर आला. दुसरं टोक त्यानं नीट धरलं.

"काका, रडलात तुम्ही."

"मनाई प्रेक्षकांना होती. मला कुणी सांगितलं होतं?"