आबांच्या सायकलची दांडी

माझ्या शाळेसाठी आबांनी सायकल आणली, पण आणली स्वतःच्या मापाची. आता या बापमाणसाला काय म्हणावं!

निजामाचं राज्य गेल्यावर आमच्या गावात सातवीपर्यंत मराठी शाळा झाली होती. ती मी संपवली. पुढं शिकायचं तर नळदुर्ग, पाच मैल. एसटीच्या वेळेचा आणि शाळेच्या वेळेचा काही मेळ नव्हता. आबा म्हणाले, "पोरगी सायकलीवर जाईल." सगळ्या गावानं तोंडात बोट घातलं आणि मी हरखून अंगणभर नाचले.

मग आबा सोलापूरला गेले आणि दांडीची, काळीभोर, चांगली उंच गडीमाणसाची सायकल घेऊन आले. दुकानात बायकांची सायकलही होती, हे त्यांनीच सांगितलं. मग ती का नाही आणली? तर म्हणे, "वाढतं अंग हाय पोरीचं. अन् घरात एकच गाडी येणार, समद्यांच्या उपयोगी पडावी." आमच्याकडं परकर शिवायचा तो आत चांगली दुमड ठेवून, पोर वाढली की उसवायला. तोच हिशेब आबांनी लोखंडाला लावला. आई म्हणाली, "अंगापेक्षा बोंगा मोठा!"

खरंच होतं ते. मी सीटवर बसले की पाय नुसते लोंबकळायचे. दांडीवरून पाय टाकायचा तर परकर वर जाणार, आणि तेही पारावरच्या म्हाताऱ्यांच्या समोर! दांडीखालून पाय घालून कैची मारायला गेले, तर परकर साखळीत अडकला आणि मी उकिरड्यात. आबा मात्र खुशाल. सकाळी तेलाच्या फडक्यानं चाकं पुसायचे, धोतराचा सोगा खोचायचे आणि समोर चिटपाखरू नसताना घंटी वाजवत शिवाराला चक्कर मारून यायचे. सायकल माझ्या नावाची आणि मजा यांची! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शाळा सुरू झाली आणि मी घरीच. आई आधीपासूनच धास्तावलेली होती. ती म्हणाली, "बाजाराच्या दिवसापतुर बसली सायकलीवर तर बसली. न्हायतर शाळा बंद. मावशीनं स्थळ सुचवलंय, ते बघू." आबांनी तेलाचं फडकं उचललं आणि सायकल पुसायला घेतली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बाजाराच्या दिवशी दिवस उगवायला सायकल हातानं ढकलत आम्ही दोघं नळदुर्गला निघालो. हैदराबादच्या सडकेला ट्रकांची कामं करणारा एक मिस्त्री होता, तो सायकलीही बघायचा. त्यानं मला बघितलं, सायकल बघितली आणि पोट धरून हसला. "ये गाडी बच्ची के वास्ते लाए, के हत्ती के वास्ते?"

माझं माप घ्यायला हवं होतं, पण एवढ्या मोठ्या मुलीचं माप परक्या पुरुषानं कसं घ्यायचं? त्यानं मला पडद्याआड घरात पाठवलं. त्याच्या बायकोनं कमरेपासून टाचेपर्यंत सुतळी लावून गाठ मारली, मग हाताला लावून दुसरी. मला गुदगुल्या होत होत्या, मी हसायला लागले तशी तीही हसायला लागली. "कित्ता पढेगी गे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "सगळं!"

ती सुतळी समोर धरून मिस्त्रीनं सीट पार खाली बसवली, हँडल माझ्या हाताशी आणलं, पायडलांना लाकडी ठोकळे ठोकले. मागच्या चाकाला जाळी लावली. साखळीवर झाकण केलं ते कुठल्याशा ट्रकच्या पत्र्याचं, त्यावर अर्धं कमळ रंगवलेलं होतं. राहता राहिली दांडी. ती कापून खाली तिरपी जोडता येईल, म्हणाला. मग आबांकडं वळून हळूच म्हणाला, "पर देखो जी, एक बार कट्या तो गाडी जनानी हो गई. फिर तुमे बैठे तो लोगां हसते."

आबांनी दांडीवर हात ठेवला. बैलगाडी सोडली तर चाकाची ही त्यांची पहिली वस्तू, आणि तिच्यावर बसले की माणूस दहा वर्षांनी लहान दिसायचा. मला सगळं कळत होतं. राहू द्या म्हणावं असं वाटलं, पण शाळाही हवी होती. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

माझ्याकडं न बघताच आबा म्हणाले, "काप."

गाडी तयार झाली तेव्हा मी परकर सावरून अलगद सीटवर बसले. पाय पुरले! दोन्ही पुरले! मिस्त्रीच्या घरामागच्या मोकळ्या जागेत दुपारभर धडपडले, आबा माझ्यामागं पळून पळून घामाघूम झाले आणि उन्हं कलायला लागली तशी गाडी माझं ऐकायला लागली.

परतीच्या वाटेवर आबा चालत होते. मी पुढं जायची, वळून त्यांच्यापाशी यायची, पुन्हा पुढं जायची. मग उतार लागला. अगं बाई, काय तो वारा! परकर फुगला, वेण्या मागं उडाल्या, एका ट्रकवाल्यानं मुद्दाम भोंगा वाजवला आणि मी मोठ्यांदा ओरडले. इतकं सुख मला कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं होतं. मागं वळायचं पार विसरूनच गेले.

दारात आई उभी होती. मला सायकलीवरून उतरताना बघून तिचे डोळे भरले, पण बोलली ती वेगळंच. "तुझं आबा कुठं हायत गं?"

आबा दिवेलागणीला आले. गुडघ्यापर्यंत धूळ, खांद्यावर बाजाराची पिशवी. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सुरूच झाली, "नव्या गाडीची काय दशा करून आणलीय! आता तुमी बाजाराला कशावर जाणार?"

पायांवर पाणी ओतत आबा म्हणाले, "दांडी कापलीय, माझं पाय न्हाय कापलं. उद्या यरवाळी ऊठ अन् पोरीची भाकरी बांध."