बंद गाडीची बॅटरी का उतरते?

इंजिन बंद, दिवा बंद, किल्लीही काढलेली. तरी मोटरसायकलची बॅटरी दोन दिवसांत का उतरते, हा प्रश्न मला सोडवायचा होता. ही साठीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा पालघरच्या एका गॅरेजमध्ये बॅटरीचे काम पाहत असे.

गाडी नवापूरच्या हरेश्वरभाऊंची. किनाऱ्यावरची मासळी ते पहाटे बोईसर स्टेशनवर पोहोचवत. बॅटरी उतरल्यामुळे गाडी दोनदा सुरू झाली नाही. दोनदा टोपल्यांची आगगाडी चुकली. मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याने निरोप धाडला होता: आणखी एकदा चुकलात, तर काम दुसऱ्याला.

"मास्तर, या खेपेला बगा नीट," ते म्हणाले. "नायतर गाडी विकून आमी घरी बसू."

गॅरेजच्या मालकांचे मत तयार होते. "सेल गेलेत. नवी बॅटरी घ्यायला सांग."

"सेल गेले असते, तर आपल्या टेबलावरही उतरली असती. चार दिवसांत हायड्रोमीटरचा आकडा हललेला नाही," मी म्हणालो.

हायड्रोमीटर ही बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी काचेची नळी. बॅटरी उतरली की ॲसिड पातळ होते.

मग मी क्रमाने गेलो. चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा डायनॅमो उत्तम होता. कटआउट, म्हणजे इंजिन थांबताच बॅटरीची डायनॅमोकडे जाणारी वाट तोडणारा स्विच, चिकटत नव्हता. उरली वायरिंग. "घरी गेल्यावर बॅटरीची एक वायर सोडून ठेवा," मी सांगितले. तिसऱ्या दिवशी हरेश्वरभाऊ बॅटरी घेऊन हजर. वायर सोडलेली, तरी बॅटरी उतरलेली!

म्हणजे दोष गाडीत नव्हता आणि बॅटरीतही नव्हता. उरले नवापूर.

बॅटरी चार्ज करून त्यांच्याबरोबर पाठवली आणि दुसऱ्या दिवशी व्होल्टमीटर पिशवीत घालून मी दुपारच्या बसने गेलो. गाडी अंगणात होती. बॅटरीवर ओल्या गोणपाटाची जाड घडी.

"हे कशाला?"

"यानीच सांगितलं, बॅटरी तापते," हरेश्वरभाऊंच्या पत्नी काशीबाई म्हणाल्या. "मंग मी सकाल-सांज दर्याच्या पान्यानं भिजवते. गोनपाटाखाली म्हावरं टिकतं. तुमची बॅटरी काय म्हावऱ्यापेक्षा नाजूक हाय?"

मी मीटरची एक वायर बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी नुसत्या गोणपाटावर टेकवली. काटा हलला. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. दोन टोकांमध्ये त्या घडीने वाटच करून दिली होती. गोणपाट काढले, झाकण सोड्याच्या पाण्याने धुतले, कोरडे पुसले. आता वायर झाकणावर टेकवली, तर काटा शून्यावर.

"मंग इतके दिस तुमाला दिसलं कसं नाय, मास्तर?" काशीबाईंनी विचारले. हरेश्वरभाऊ दुसरीकडे पाहून हसत होते.

उत्तर मला द्यावेच लागले. आलेली बॅटरी आधी स्वच्छ धुवायची, ही आमच्या गॅरेजची शिस्त. झाकणावरचे मीठ दर खेपेला मीच धुऊन टाकत होतो आणि मग ती टेबलावर उतरत नाही, असे मालकांना ठामपणे सांगत होतो.

पुढे ती गाडी एकाही पहाटे अडली नाही. व्यापाऱ्याचे काम हरेश्वरभाऊंकडेच राहिले. मी मात्र तेव्हापासून बॅटरी आधी मळकीच तपासतो, मग धुतो.

वाचकांनी हे केवळ मी लिहिले म्हणून मानू नये. आपल्या गाडीच्या बॅटरीचे झाकण न पुसता मीटरची एक वायर ऋण टोकाला लावावी, दुसरी झाकणावर टेकवावी आणि काटा स्वतः पाहावा, ही विनंती.