औक्षणानंतरचा पेढा

आज बाबांच्या वाढदिवसाला आईने त्यांना पाटावर बसवून ओवाळलं. समोर भिंतीवर आजोबांचा फोटो होता. आजोबा पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले, त्यांचे दोन्ही भाऊही तसेच. निरांजनाच्या उजेडात माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं, की बाबा आता आपल्या वडिलांपेक्षा म्हातारे दिसतात.

आईने पेढा पुढे केला. बाबांनी नखाएवढा तुकडा मोडला.

"आजच्या दिवशी तरी अख्खा खा की."

"अख्खा खाल्ला तर पुढच्या वर्षी ओवाळशील कुणाला?"

"काहीतरीच तुमचं," म्हणत आईने उरलेला पेढा माझ्या हातावर ठेवला.

आजोबांचं रुंद कपाळ बाबांकडे आलं, माझ्याकडेही आलं. मग त्यांचं हृदयही आलंच असणार. तरी बाबा समोर बसले होते. रोज पहाटे टेकडीवर जातात म्हणून, आईच्या अळणी भाज्यांमुळे, की आजीकडून आलेल्या एखाद्या चिवट गुणामुळे, कोण जाणे. नक्की कुणाचे आभार मानायचे ते ठरेना, म्हणून मी मनातल्या मनात सगळ्यांचेच मानले. मोठ्याने असलं काही बोलणं मला जमत नाही.

मीही पेढ्याचा नखाएवढाच तुकडा खाल्ला आणि बाकीचा डब्यात ठेवला. बाबांनी ते पाहिलं. पाटावरून उठताना त्यांचा गुडघा कुरकुरला, तसा त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

उठायला आधार लागेल इतका म्हातारा झालेला पुरुष आमच्या घरात मी पहिल्यांदाच पाहत होते.