गाडीच्या कागदांतली चिठ्ठी

आमच्या बीडकडं बाईला सोनोग्राफीला नेलं म्हटलं, की लोक आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघतात. कशाला नेली, हे कुणी विचारत नाही. पोरगं हाय का पोरगी ते बघायला नेली, असं आपलंआपण ठरवून मोकळे होतात. त्या नजरेला मी भ्यायलो. म्हणजे हे मी स्वतःला सांगत आलो ते कारण. खरं कारण पुढं सांगतो, दम धरा.

बायकोच्या पोटातलं दुसऱ्यांदाही तिसऱ्या महिन्यात गेलं. केजच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचे रक्ताचे रिपोर्ट उलटेपालटे करून बघितले. म्हणाल्या, "यात तर काही सापडत नाही. आता दिवस राहायच्या आत बीडला जाऊन गर्भपिशवीची सोनोग्राफी करा." चिठ्ठी माझ्या हातात दिली. बायको तेव्हा आत होती. बाहेर येऊन तिनं विचारलं, "काय म्हणल्या?"

"काही न्हाई. गोळ्या घे म्हणल्या."

चिठ्ठी मोटारसायकलच्या कागदांत गेली आणि दोन वर्षं तिथंच राहिली. खोट तिच्यात निघाली तर घरचे दुसरी करायला लावतील, नाही निघाली तर बोट माझ्याकडं वळेल. न कळलेलंच मला बरं वाटत होतं. हे खरं कारण. दरम्यान आईला तिची कारणं सापडत होतीच. सून उसाच्या मोळ्या उचलते, सून पपई खाते, सून दुपारची झोपते. मी भाकरी खात ऐकायचो. त्या दोन वर्षांतच तिसरं गेलं, ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोपीत.

मग मात्र चिठ्ठी काढली. "बाईंनी कालच दिली," म्हणालो. तिनं ती घेऊन आपल्या बटव्यात ठेवली.

सोनोग्राफीला भरल्या लघवीनं जायचं असतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. मी दोन बाटल्या भरून घेतल्या आणि केज सोडल्यापासून तिला पाजत राहिलो. माणसं कोंबून भरलेली वडाप जीप, त्यात आमचा खड्ड्यांचा रस्ता.

"आवं, गाडी थांबवा म्हणा की," ती पदर तोंडाला लावून म्हणाली.

"घडीभर धर. समदं वाया जाईल."

समोरची म्हातारी म्हणाली, "बाबा, तूच पी की एक बाटली. मंग कळंल घडीभर म्हंजी किती." जीपभर हसले. बायकोही हसली, पण जपून.

बीडला पोचलो तर नर्स म्हणाली, "आधी लघवी करून या. ही सोनोग्राफी आतून असते, रिकामं लागतं." बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की मी भिंतीवरचा 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' हा बोर्ड तीनदा वाचला.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. पडद्यावर राखाडी धुकं होतं. त्यात बोट फिरवत ते म्हणाले, "पिशवीच्या मधोमध ही भिंत दिसते? जन्मापासूनची आहे. गर्भ न टिकण्याचं कारण हेच असावं. दुर्बिणीनं कापता येते. मग पुढचं टिकायची आशा वाढते."

बायकोनं एकच विचारलं, "मोळ्या उचलून हुतं का वो हे?"

"नाही."

"पपईनं?"

डॉक्टर हसले. "नाही हो बाई."

ती टेबलावर बसून रडली. गेलेल्या तिघांसाठी तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

परतीच्या जीपमध्ये तिनं बटव्यातनं चिठ्ठी काढून माझ्या मांडीवर ठेवली. सातवी शिकलेली बाई, तारीख वाचता येतेच. म्हणाली, "मला केज ते बीड धरवंना. तुमाला दोन वर्सं कसं धरवलं?"

आवाज चढला नाही. मी बाटलीतलं उरलेलं पाणी पीत राहिलो.

भिंत कापून घेतली. त्यानंतर झालेली पोरगी आता चौथीत आहे. आई गेली ती सुनेला पथ्यानं गुण आला असं मानूनच. भिंत जन्माची होती, हे आईला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही, आणि बायकोनंही बोलायला लावलं नाही. ती भांडली असती तर मी केव्हाच सुटलो असतो.

अजूनही माझा शर्ट धुवायला घेतला की ती खिसा उलटा करते आणि ओट्यावरनं विचारते, "आवं, डॉक्टरचं काही राह्यलं का ह्यात?"

"न्हाई," मी म्हणतो. तरी ती दुसरा खिसा बघतेच.