ताऊंना बोलतं करताना

आठवी नापास माणसाला कोणी मुलाखती घ्यायला नेतं का? मला न्यायचे. आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीतले एक मराठी साहेब नोकरी सोडून कॉम्प्युटरचे प्रोग्राम बनवायला लागले होते. तेव्हा ज्याला त्याला कॉम्प्युटर पाहिजे होता, कशाला ते कोणाला ठाऊक नव्हतं. ते विचारून काढायचं हे साहेबांचं काम. मी त्यांचा ड्रायव्हर. पण साहेबांनी प्रश्न विचारला की समोरचा पोलीस आल्यासारखा गप्प. मग मी मधेच काहीतरी वेड्यासारखं बोलायचो, माणूस हसायचा आणि भडाभडा सांगत सुटायचा. म्हणून मीपण आत.

त्या दिवशी पानिपतला जायचं होतं, चादरींच्या कारखान्यात. निघताना बायको म्हणाली, "मराठी माणूस पानिपतला चाललाय. जरा तोंड सांभाळा."

गाडीत साहेबांनीही तेच सांगितलं. "कॉम्प्युटर आला की मालक, म्हणजे लालाजी, गोदामात एकच माणूस ठेवणार आहेत. एक तर गोदाम सांभाळणारे म्हातारे, ज्यांना सगळे ताऊ म्हणजे काका म्हणतात, नाहीतर लालाजींचा भाचा. आपण त्यात पडायचं नाही."

"बिल्कुल नाही," मी म्हटलं.

गोदामात अंधार आणि ओल्या सुताचा वास. लालाजी ताऊंना हसून म्हणाले, "ताऊ, इनको सब बता दो. कुछ छुपाना मत." आणि गेले. गठ्ठ्यांच्या मागे त्यांचे पांढरे बूट मात्र तसेच दिसत होते. मी असा हुशार, मला वाटलं कोणीतरी काढून ठेवलेत.

साहेबांनी विचारलं, "ताऊजी, कंप्यूटर पर आपको क्या-क्या दिखना चाहिए?"

ताऊ गप्प. म्हणजे माझी पाळी.

"ताऊ, हीरोइन दिखवा दें?"

ताऊ खो खो हसले. "दिखवा दे बेटा, पर बड़ी करके दिखाइयो. मन्नै तो इब तेरा मुँह भी धुँधला दीखै सै."

बोलले की नाही! मला असा जोर चढला, मी ओरडलोच, "साब, लिखो! अक्षर बड़े चाहिए, ताऊ को दिखता नहीं!"

साहेबांचं पेन थांबलं. गठ्ठ्यांमागचे बूट चालायला लागले.

लालाजी आले. घाई नाही, राग नाही. फळीवरून सुताची एक लडी काढली आणि ताऊंच्या हातात दिली. "ताऊ, ये कौन-सा रंग है?"

ताऊंनी लडी अंगठ्यानं चोळली. नाकाशी धरली. मग ठणकावून म्हणाले, "मैरून."

लडी हिरवी होती. अशा वेळी कोणीतरी काही बोलायला पाहिजे, आणि ते कोणीतरी नेहमी मीच असतो. त्या दिवशी मी खाली बघून स्वतःच्या चपला न्याहाळत बसलो.

"शाबाश, ताऊ," लालाजी प्रेमानं म्हणाले. ताऊंच्या खांद्यावर हात ठेवला, लडी घेतली आणि गेले.

ताऊ खूश. पाय वर घेऊन ऐसपैस बसले. "देख लिया? डरा दिया था तन्नै." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "हाँ बेटा, और पूछ. के पूछणा सै?"