बोरगावकर सरांचा गुणाकार

बोरगावकर सर हॉटेलात भजी मागवायच्या आधीही गुणाकार करायचे. पोट बिघडण्याची शक्यता गुणिले बिघडल्याचा तोटा, भजी चांगली निघण्याची शक्यता गुणिले चवीचा फायदा. फायद्यातून तोटा वजा. याला ते अपेक्षित मूल्य म्हणत. उत्तर उणे आलं की माझ्या प्लेटमधली दोन उचलत. "फुकटात फायदा वाढतो, सर," असं वर ऐकवत.

तीर्थपुरीच्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे, मी मराठी. शिकवायचे झकास, ते नाकारणार नाही. पण माणूस म्हणून मला त्यांची किळस यायची, आजही येते. कुणाच्या मयतीला जायचं की नाही, हेही ते गुणून ठरवत. "शक्यता पाहा, नफा-तोटा पाहा, गुणा. बाकी सब फालतू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका दुपारी प्रयोगशाळेमागची मोडकी बाकं हलवताना आमच्या शिपायाला, सोपानला, साप चावला. साप कुणी नीट पाहिला नव्हता. आवारात चारचाकी एकच, सरांची. सोपान ओट्यावर पाय धरून बसलेला, घामानं निथळत होता. "सर, जल्दी करा ना, पाय सुन्न पडून राह्यला," तो म्हणाला.

सर जागचे हलले नाहीत. "दहात एखादा साप विषारी असतो. तेवढ्यासाठी गाडी काढणं गणितात बसत न्हाई. ॲम्ब्युलन्सला फोन लावा, येईल बराबर."

मी सोपानला मोटारसायकलवर बसवलं, मागं बसून क्लार्कनं त्याला आवळून धरलं आणि आम्ही सरकारी दवाखाना गाठला. साप बिनविषारीच निघाला. दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत हसले, "निघालं का न्हाई माझं गणित बराबर?" तेव्हापासून ते हे उदाहरण वर्गात देऊ लागले.

निवृत्तीच्या समारंभातही त्यांनी तेच सांगितलं. सोपान तेव्हा चहा वाटत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंडप रिकामा झाल्यावर मी त्यांना गाठलं. "सर, शक्यता समजली. पण तोट्याच्या जागी काय धरलं होतं? सोपानचा जीव केवढ्याचा धरला होता?"

ते खरोखर आठवू लागले.

"सोपानचं काही न्हाई धरलं," ते म्हणाले. "गाडीत ओकला असता तर नवी सीटकव्हरं गेली असती. तेवढं धरल्तं."