खोर फक्कानचा मसालेवाला

अमेरिकन सिनेमाबद्दल माझ्या मनात जी तुच्छता आहे ती सिनेमे बघून आलेली नाही, ती लग्न केल्यावर आली. नवरा शारजातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर होता, पण जीव सगळा त्या सिनेमात. अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुणी चहाला टेकलं की त्याला अमेरिकन सिनेमाचा इतिहास ऐकल्याशिवाय सुटका नसे. यंत्रांच्या पेटंटवाल्यांचा ससेमिरा चुकवायला ही मंडळी देशाच्या पूर्वेकडून पश्चिमेला कशी पळाली, तिथं बारा महिने ऊन असल्यामुळे स्टुडिओ कसे उभे राहिले, नटनट्यांना वर्षानुवर्षांच्या करारात कसं जखडून ठेवलं, हे सगळं तो घरच्या लग्नाची हकीकत सांगावी तसा सांगायचा. ऊन आहे म्हणून गाव निवडलं, याचं कौतुक आखातात राहणाऱ्या माणसाला काय सांगायचं! पाहुणे बिचारे मान डोलवत बिस्किटं संपवायचे.

मला विचाराल तर हा सगळा पुठ्ठ्याचा कारभार. कॅलिफोर्नियाच्या वाळूत चार उंट उभे करून त्यांनी अरबस्तान बनवला, आणि जगानं तो खरा मानला. तो अरबस्तान बघून आलेले गोरे लोक दुबईत उतरल्यावर खऱ्या अरबस्तानावर नाराज व्हायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नवरा मूळचा चिपळूणचा, हौशी नाटकांतला. आवाज असा खर्जातला की माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. नोकरीसाठी इकडे आला आणि नाटक उरलं ते फक्त इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. आमची मुलगी इथंच वाढली. आपण मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. बाप तालमीला उभा राहिला की ती दार लावून घ्यायची. मॉलमधले अमेरिकन सिनेमे मात्र तिला तोंडपाठ. आपला आवाज पोरीनं एकदा तरी कान देऊन ऐकावा, एवढी एकच इच्छा त्या माणसाची होती. तो बोलायचा नाही, पण मला कळत होतं.

मग एक अमेरिकन युनिट शारजाच्याच पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला आलं. शूटिंग इथं, पण सिनेमातला देश भलताच, नकाशावर नसलेली कुठलीशी सल्तनत. म्हणजे खऱ्या अरबस्तानात येऊनही यांना खोटाच हवा होता. गर्दीत उभं राहायला इथले लोक काही उत्सुक नव्हते, म्हणून आपल्याच लोकांना कंदुरे, म्हणजे अरबांचे ते पांढरे पायघोळ झगे, चढवून अरब करण्यात आलं. नवऱ्याच्या कंपनीनं त्यांना परांची पुरवली होती. तिथं त्याची दाढी कुणाच्या तरी नजरेत भरली आणि त्याला बाजारातला मसालेवाला केलं. पळताना हिरो त्याचा ठेला उलथवतो आणि हा ओरडतो, एवढंच काम.

संध्याकाळी घरी आला तो हवेतच. "अगं, डायलॉग आहे मला! ते म्हणाले, स्पीक युवर ओन लँग्वेज. एनी लँग्वेज. नोबडी विल नो."

"अरे, हा अपमान आहे," मी म्हटलं.

"अपमान कसला? अमेरिकन सिनेमात मराठी, कळतंय का तुला!"

वाक्यं त्यानं स्वतःच रचली. 'डोळे फुटले का रे तुझे? पोटासाठी आलोय इथं, तुझ्या पायाखाली यायला नाही!' बाथरूममध्ये, दुबईच्या ट्रॅफिकमध्ये, जेवताना, त्याचं तेच चालू. मुलगी आतून ओरडायची, "पप्पा, प्लीज! आय हॅव अ टेस्ट!"

शूटिंगला मीही गेले, डबा घेऊन. या गृहस्थानं जाताना नारळ नेला होता. नाटकाआधी नारळ फोडायचा असतो, तर सिनेमाआधी का नको, हा त्याचा हिशोब. सेटच्या कोपऱ्यात जमिनीला नमस्कार करून त्यानं तो दगडावर आपटला, त्या आवाजानं दोन असिस्टंट आणि सिक्युरिटीवाला धावत आले. पुढचा घोळ म्हणजे ओरडताना तो सवयीनं प्रेक्षकांकडे, म्हणजे थेट कॅमेऱ्याकडे तोंड करायचा. टेकवर टेक झाले. डायरेक्टरनं टोपी काढून डोकं खाजवलं. आणि मग एकदाचं जमलं. तो आवाज त्या खोट्या बाजारात असा घुमला की शिडीवरचा मल्याळी लाइटमन काम सोडून बघायला लागला. मला त्याचा अभिमान वाटला, अगदी मनापासून.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. मंडळानं रांगाच्या रांगा बुक केल्या. बायका पैठण्या नेसून, पेढ्यांचे बॉक्स घेऊन. अमेरिकन सिनेमाला अशी नटून जाणारी जमात जगात दुसरी नसेल! मुलीनं शाळेतल्या मैत्रिणी आणल्या होत्या. बापाच्या कुठल्याही कार्यक्रमाला तिनं याआधी कुणाला आणलं नव्हतं.

ठेला उलथला. पडदाभर नवऱ्याचा चेहरा आला, तोंड उघडलं, आणि त्यातून एक चिरका, किनरा आवाज निघाला. भाषा कुठलीच नाही, नुसतं घसा खाकरल्यासारखं काहीतरी. पुढच्या रांगेतले अरब तरुण खो खो हसले, कारण ते अरबीही नव्हतं. मग सगळं थिएटर हसलं. मुलगी उभी राहून ओरडली, "दॅट्स नॉट हिज व्हॉइस!" तिच्या मैत्रिणी आणखीच हसल्या.

बाहेर पेढे वाटावेच लागले. लोक म्हणत होते, "दिसलात छान हं." आणि आमचा शहाणा त्या गर्दीत व्याख्यान द्यायला लागला. "हे असंच असतं. मूकपट संपून बोलपट आले ना, तेव्हा केवढे मोठमोठे स्टार घरी बसले. आवाज मशीनला मानवला नाही." स्वतःला त्यांच्या रांगेत बसवून तो मोकळा झाला. वर मला म्हणतो, "डबिंग बघितलंस? ओठांवर काय बसवलंय!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मानवला नाही म्हणे! अरे, त्यांनी तो ऐकलासुद्धा नाही. कुठल्या तरी खोलीत बसून एका भाडोत्री माणसानं तुझ्या तोंडात घाण भरली, आणि तू त्याची कारागिरी बघतोयस?" लोक बघत होते. तो हसत राहिला.

गणपती जवळ आले तसे मंडळाचे लोक घरी आले. मुलगी तेव्हा क्लासला गेली होती. मुख्य भूमिका नेहमीप्रमाणे त्याचीच धरलेली. तो म्हणाला, "यंदा मला लाइट्सचं काम द्या."

त्यांना वाटलं, भाव खातोय. "अहो, तुमच्याशिवाय नाटक कसं होणार?"

"होतं," तो म्हणाला. "माझा आवाज आता चालत नाही."

मी आत जाऊन नळ सोडला आणि भांडी आपटली.

नाटक झालं. लाइट्स अगदी वेळेवर लागले. मुलगी त्या वर्षी आपणहून आली, पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली, आणि मराठी नाटक तिनं पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिलं. पडदा पडत असताना ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बट व्हेन इज पप्पा कमिंग?"